तेवीस होकायंत्रं

शुक्रवारी शाळा सुटली की
प्रयोगशाळेमागच्या अरुंद खोलीत बसून
मी होकायंत्रं सुधारते.
तेवीस आहेत. नऊ उलटी.
कुणीतरी ती पट्टीचुंबकांच्या ट्रेमध्येच कोंबली,
एका रात्रीत त्यांची उत्तर दक्षिण झाली
आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही:
तशीच डोलतात, थरथरतात,
आणि अगदी खात्रीनं चुकीकडे स्थिरावतात.

उपाय साधा.
जोरकस चुंबकाचं टोक काचेवरून ओढायचं,
उचलायचं, लांबून परत आणायचं, पुन्हा ओढायचं.
मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, एकाच दिशेनं;
उलट फिरवलात तर केलेलं सगळं विस्कटतं.

खिडकीतून भंगाराचं आवार दिसतं.
क्रेनचं काळं ताट खाली येतं
आणि मोटारीचं गंजकं दार, वॉशिंग मशीनचं पिंप,
कुणाच्या तरी सायकलचं चाक
हाक आल्यासारखं एकदम उठतं.
मग वरचा माणूस कळ बंद करतो
आणि ताट कुणालाच ओळखत नाही.
तो आवाज अर्ध्या रॉदरहॅमला ऐकू जातो.

वरचा माणूस म्हणजे ब्रायनी स्टॅनिफर्थचे आजोबा.

मंगळवारी ब्रायनीनं खिळ्याला तार गुंडाळली,
पन्नास वेढे, ओठ हलवत मोजून.
अकरा क्लिपा उचलल्या.
कळ बंद केली. दहा पडल्या.
एक लोंबतच राहिली.
"मिस, हिला कुणी सांगितलं नाही वाटतं."
मी खिळा हातात घेतला. चूक माझीच,
मऊ लोखंडाच्या डब्यात एक पोलादी मिसळला होता.
मऊ लोखंड लगेच विसरतं, म्हणून तर क्रेनला तेच लागतं.
पोलाद ऐकलेलं धरून बसतं.
"आजोबांच्या क्रेनचं असं झालं," ती म्हणाली,
"तर ते जेवायला घरीच येणार नाहीत."

जूनमध्ये परीक्षा. जिमखान्याच्या हॉलमध्ये,
रबरी बुटांच्या वासात, मी पर्यवेक्षक.
सव्वादहाच्या सुमाराला मोटरचा प्रश्न येतो
आणि साठ-सत्तर डावे हात वर होतात.
अंगठा, तर्जनी, मधलं बोट एकमेकांना काटकोनात:
बल, क्षेत्र, धारा.
मनगटं वळतात, कोपरं उचलली जातात,
एकजण तर मान वाकडी करून बाकाखालूनच बघतो.
कसल्याशा नाचाची तालीम चाललीय
आणि पाय घरी राहिलेत.

फसतात ती डावरी मुलं.
डाव्यात पेन असतं, म्हणून नकळत उजवा वळवतात
आणि त्यांची तार भलत्याच बाजूला उडते.

मी डावरी होते. बार्शीत, पहिलीत,
निमकर बाई माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून
उजव्यात द्यायच्या,
आणि डावा दप्तराच्या पट्ट्यात अडकवायच्या.
रोज. न रागावता. एकाच दिशेनं.
दिवाळीपर्यंत मी सरळ झाले.
अक्षर आजही चांगलं आहे.
फक्त काडी ओढताना,
किंवा बशी हातातून निसटली की,
डावा आधी धावतो.

तिसऱ्या रांगेत ब्रायनी. पेन डाव्यात.
उजवा हात हवेत वळवते, थांबते,
कपाळाला आठी घालते.
पर्यवेक्षकानं काही सुचवायचं नसतं.
मी हात पाठीमागे बांधून उभी,
आणि त्यातला एक, मला न विचारता,
तीन बोटं उघडून बसलाय,
भिंतीखेरीज कुणालाच न दिसेल असा.

बाहेर क्रेननं काहीतरी मोठं सोडलं.
सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या,
थरथरल्या, पुन्हा कागदावर आल्या.
ब्रायनीची जरा उशिरा आली.
मग तिनं पेन बाकावर ठेवलं.